उघड्या दाराची राखण



आमच्या येरमाळ्यात चैत्र सरला की रात्री अकरा वाजताही स्लॅबच्या घराच्या भिंतीला हात लावला तर चटका बसतो. दार उघडं टाकून झोपावं तर चोराची भीती, लावून घ्यावं तर जीव घुसमटतो. पुण्याहून मुलगा फोनवर बजावतो, "आप्पा, दारं-खिडक्या नीट लावून झोपत जा." डॉक्टर म्हणतात, "या वयात हवा खेळती पाहिजे." दोघंही बरोबर बोलतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या नवरा-बायकोनं नेमकं कोणाचं ऐकायचं, हा आमच्याकडे उन्हाळ्यातला रोजचा विषय आहे. गावात आमच्यासारखी बरीच घरं आहेत. मुलं बाहेरगावी, घरात दोन म्हातारी माणसं, आणि रात्रभर बंद दार.

इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे माझं मन मागे धावतं. वाटलं, आपल्या आजोबा-पणजोबांपुढे हा प्रश्न होता की नव्हता? ऊन तेव्हाही होतं आणि चोर तर फारच होते.

माळवदाचं घर ज्यांनी आतून पाहिलेलं नाही अशी आमची नातवंडंही हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. रस्त्याच्या बाजूला दगड-मातीची दोन-अडीच फूट जाड भिंत. तिला खिडकी नाही. एकच दरवाजा, तोही जाड फळ्यांचा, वर खिळ्यांची नक्षी. मोठ्या वाड्यांच्या दरवाजाला पोटात छोटी दिंडी असे, वाकूनच आत यावं लागे. वाकून येणारा माणूस, त्याच्या हातात काहीही असो, त्या क्षणी लाचारच असतो. बिजागऱ्या नव्हत्या. फळीलाच वर-खाली काढलेल्या खुंट्या चौकटीच्या भोकात फिरत, त्यामुळे बाहेरून खिळे उपसून दार काढण्याची सोय नव्हती. आतून अडसर. म्हणजे भिंतीच्या पोटात सरकवून ठेवलेला लाकडाचा वासा. रात्री तो ओढून दाराच्या पाठीमागून पलीकडच्या भिंतीच्या भोकात घालायचा. त्या वाशाचा भिंतीत घासण्याचा आवाज म्हणजे आमच्या लहानपणी "आता झोपा" अशी आज्ञाच होती.

दारातून आत आलं की ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसरी, आत माजघर, त्याच्याही आत स्वयंपाकघर आणि धान्याचं बळद. माजघराच्या छताला हातभर रुंदीचं भोक, त्याला सानं म्हणतात. धूर तिथून वर जायचा, उजेड तिथून खाली यायचा. पावसाचे थेंब आले की माळवदावर पळत जाऊन सान्यावर पाटी झाकायची, हे काम घरातल्या सगळ्यात चपळ पोराचं. मोठ्या सान्याला लोखंडी गज बसवलेले असत.

आता गंमत बघा. या घरात रात्री दार एकच बंद असायचं. आतली बाकीची सगळी दारं चौकाकडे उघडी. वारा रस्त्यावरून यायचाच नाही, तो आभाळातून उतरायचा. इराणातल्या यझ्द शहरात घरांवर बादगीर म्हणजे वारा पकडणारे मनोरे आहेत. तिथंही रस्त्याकडे जाड भिंत आणि वाऱ्याला वाट वरून. आमच्या गवंड्यानं यझ्दचं नावही ऐकलेलं नसणार. पण ऊन, धूळ आणि दरोडा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शहाणा माणूस बहुधा याच उत्तरापाशी पोहोचतो.

शिवाय माणसं. ढाळजेत दाराला आडवी बाज टाकून आजोबा, पलीकडे गडी, ओसरीवर चुलते, चौकात आम्ही पोरं, उन्हाळ्यात निम्मं घर माळवदावर. एका माळवदावर कुणी खोकलं तर चार घरं पलीकडून विचारणा व्हायची. माळवदाला माळवद लागून, त्यामुळे चोरालाही ती वाट सोयीची होती म्हणा. पण जिथं वारा चांगला तिथंच माणसं झोपलेली असत. राखण म्हणून वेगळं काही करावं लागत नसे.

हे लिहिताना माझा सूर फार गोड होतोय याची मला जाणीव आहे. म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओसरीवरचा आणि माळवदावरचा वारा पुरुषांच्या वाट्याचा. बायका माजघरात, कारण दागिने तिथं, धान्य तिथं, आणि अब्रूही तिथंच ठेवायची रीत. बाळंतिणीची खोली तर सगळ्यात आतली. खिडकी नाही, वर शेगडीचा धूर. सुरक्षिततेची किंमत घरात सगळ्यांनी सारखी मोजली नाही. आणि गावातही नाही. गावकुसाच्या वेशीवर रात्री पहारा देणारा येसकर महार समाजातला, पण त्याचं स्वतःचं घर वेशीच्या बाहेर! कुडाच्या भिंती, तट्ट्याचं दार. त्याच्या घरी वारा भरपूर आणि राखण काहीच नाही. ज्यानं गावाचं दार सांभाळायचं त्याला त्या दाराच्या आत झोपायची मुभा नव्हती. हे मी वर्गात शिकवताना मुलांना थांबवून सांगत असे.

एवढ्या जाड दाराचं चोर काय करायचे? ते दाराकडे बघायचेच नाहीत. भिंत खणायचे. घरफोडी हा शब्द आता आपण कुलूप तोडण्याला वापरतो, पण तेव्हा घर अक्षरशः फोडलं जायचं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'त शर्विलक चारुदत्ताच्या घराला भगदाड पाडतो तो प्रसंग आठवा. देवलांनी ते नाटक मराठीत आणलं. हा चोर भोक कोणत्या आकाराचं पाडावं यावर विचार करतो, कमळाचं, सूर्याचं, चंद्रकोरीचं, पूर्णकुंभाचं… आणि मोजायची दोरी विसरला म्हणून गळ्यातलं जानवं वापरतो. हसू येतं, पण त्यामागे व्यवहार आहे. दार मजबूत केलं की चोर भिंतीकडे वळतो.

इंग्रजांच्या १८६० च्या दंडसंहितेत घरफोडीच्या व्याख्येखाली उदाहरणं दिली होती. त्यातलं पहिलंच उदाहरण भिंतीला भोक पाडून हात आत घालण्याचं. आणखी एक उदाहरण असं की दाराच्या भोकातून तार घालून आतली कडी उचलली तर तीही घरफोडीच. त्या संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेनं घेतली. तारेची युक्ती मात्र अजून निवृत्त झालेली नाही.

धान्याची राखण हा तर स्वतंत्र अध्याय. ज्वारी पेवात ठेवायची. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटाशी रुंद असा खड्डा, आतून कडबा-भुसा लावलेला. तोंडावर दगड, त्यावर माती. वरून चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. चोर नाही, आग नाही, उंदीर नाही. वर्षं दोन वर्षं ज्वारी टिकायची. पण पेव उघडलं की कुणी लगेच आत उतरत नसे. आधी तोंड बराच वेळ मोकळं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. बंद जागेत धान्य श्वास घेतं आणि कार्बन डायऑक्साइड तळाला साठतो, हे विज्ञान आम्ही पुढे शाळेत शिकलो. घाईनं उतरलेली माणसं आत गुदमरून गेल्याच्या गोष्टी गावोगाव होत्या. आमची आजी नुसतं 'पेव' म्हणायची तेव्हासुद्धा आवाज खाली आणायची.

बंद घर आणि आजार यांचं नातं लोकांना प्लेगनं शिकवलं. १८९६ ला मुंबईत साथ आली तेव्हा अधिकाऱ्यांनी चाळींची कौलं काढून उजेड-वारा आत सोडला. १८९७ ला पुण्यात रँडच्या हुकमानं सोजीर घराघरात, देवघरापर्यंत घुसले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्री चापेकरांच्या पिस्तुलानं झाला, हे सगळ्यांना पाठ आहे. हवा खेळती ठेवा हा सल्ला आरोग्याच्या दृष्टीनं चुकीचा नव्हता. पण दुसऱ्यानं लाथ मारून उघडलेलं दार म्हणजे घर फोडल्यासारखंच. आमच्याकडे निजामी राज्यात लोकांनी त्यावर आपला मार्ग काढला. उंदीर पडायला लागले की अख्खं गाव घरांना कड्या घालून शेतात खोपटं बांधून राहायला जायचं. मोकळी हवा मिळायची, जीव वाचायचा, आणि मागे रिकाम्या गावात चोरांचं फावायचं. आजी म्हणायची, "पिलेगात माणसं वाचली त्यांची भांडी गेली."

दार ही किती तकलादू वस्तू आहे हे लोकांना १९४७-४८ मध्ये कळलं. तेव्हा आपला उस्मानाबाद, आताचा धाराशिव जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि शेजारची बार्शी हिंदी संघराज्यात. मध्ये निजामाचे करोडगिरी नाके. रझाकारांची दहशत वाढली तशी सरहद्दीवरच्या गावांतून अनेक कुटुंबं बार्शीकडे निघून गेली. माझा जन्म त्यानंतरचा, पण घरात हे वर्ष कायम बोललं जाई. वडील सांगत, त्या उन्हाळ्यात कुणी माळवदावर झोपलं नाही. वर झोपलं तर लांबून दिसायचं, आत झोपलं तर घुसमट व्हायची. सान्यावर दगडी पाटा ठेवून दिवा विझवून बसायचं. सप्टेंबर १९४८ मध्ये १३ ते १७ तारखेला पोलीस कारवाई झाली आणि निजामानं शरणागती पत्करली. आमच्या घरापुरता त्या घटनेचा अर्थ वडील एका वाक्यात सांगत, "सान्यावरचा पाटा काढला."

चोराच्या भीतीनं आणखी एक अन्याय केला, तो इथं लिहिला नाही तर हा लेख अर्धवट राहील. १८७१ च्या कायद्यानं काही जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, पण शिक्का राहिला. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' वाचा. आपल्याच लातूर जिल्ह्यातलं आहे, १९८८ ला साहित्य अकादमी मिळालेलं. गावात काही चोरी झाली की पहिल्यांदा पारध्याच्या पालाकडे बोट दाखवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. आपण आपल्या दाराला अडसर लावतो तेव्हा तो बाहेर कुणाला ठेवण्यासाठी, हे मनात आधीच ठरलेलं असतं.

असो. आता मूळ मुद्द्याकडे.

माळवदाच्या घरावरचा लोकांचा विश्वास एका पहाटेत गेला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपलेले. किल्लारी-सास्तूर भागात जवळपास आठ हजार माणसं गेली. येरमाळा तिथून लांब, आमच्याकडे भांडी पडली आणि माजघराच्या भिंतीला वरून खालपर्यंत चीर गेली. नंतर काही दिवस आम्हा शिक्षकांना याद्यांच्या कामासाठी तेव्हाच्या उमरगा तालुक्यात जावं लागलं. जे पाहिलं ते सगळं लिहिणार नाही. एक सांगतो. ज्या गोष्टींनी घर सुरक्षित केलं होतं त्यांनीच माणसं मारली होती. चोराला खणता येऊ नये म्हणून जाड केलेली भिंत मुळात दोन भिंती होत्या. आत एक, बाहेर एक, मध्ये गोटे-माती, आणि दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. हलल्याबरोबर ती पोट फुटल्यासारखी उकलली. थंडाव्यासाठी आणि पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी माळवदावर मातीचा थर चढवत गेलेले, तो सगळा भार खाली आला. बाहेर पडायला दार एकच, तेही वाकून जायचं, आणि त्याला आतून अडसर. एका पडलेल्या घराची दगडी चौकट उभी होती, दार बंद होतं, अडसर जागच्या जागी होता. दोन्ही बाजूंना भिंत मात्र राहिली नव्हती.

त्यातही एक गोष्ट अभियंत्यांच्या लक्षात आली. जिथं जुन्या पद्धतीनं सागवानी खांब आणि तुळयांचे खण होते, तिथं भिंती पडल्या तरी पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडा उभा राहिला. पुढे घरं मजबूत करायच्या मोहिमेत खांबांना तिरके टेकू द्या, माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, हे गावोगाव सांगितलं गेलं. पण लोकांचं मन उडालं होतं. घरातच झोपायला नको वाटे. कित्येक कुटुंबं महिनोनमहिने अंगणात, पत्र्याखाली झोपली. दारच नाही म्हटल्यावर चोराचा विचारही कुणी करत नव्हतं. मोठ्या भीतीपुढे छोटी भीती गप्प बसते.

बावन्न गावं नव्या जागी वसली. जमीन किती त्यावरून अडीचशे, साडेचारशे, साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रेषेत घरं, रुंद रस्ते, चारी बाजूंनी खिडक्या. कागदावर पाहिलं तर हवा उत्तम. दोन-चार वर्षांनी मी अशा एका गावात नात्यातल्या लग्नाला गेलो. बघतो तर बहुतेक खिडक्या आतून फळी ठोकून नाहीतर लुगड्यानं झाकलेल्या! विचारलं तर एक आजी म्हणाली, "बाबा, रस्त्यावर निजल्यावानी वाटतंय." घर उलटं झालं होतं. आधी भिंत बाहेर आणि मोकळीक आत होती. आता मोकळीक बाहेर आणि माणसं आत. हळूहळू लोकांनी पुढे कुंपणाच्या भिंती घातल्या, मध्ये अंगण केलं, म्हणजे आपला चौक परत बांधला. मला त्यात फार शहाणपण दिसलं.

आमच्या गावातही १९९३ नंतर माळवदं उतरली आणि स्लॅब आले. सान्याची जागा पंख्यानं घेतली, अडसराची जागा कुलपानं. गोदरेजांनी १८९७ पासून मुंबईत कुलपं बनवायला सुरुवात केली होती, पण आमच्या लहानपणी घराला बाहेरून कुलूप म्हणजे घरात काहीतरी वाईट घडलंय असं वाटायचं. घर रिकामं कधी नसायचंच. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमन बारा-बारा तासांवर गेलं तेव्हा या नव्या घरांची परीक्षा झाली. पंखा थांबला की सिमेंटची भट्टी. मग लोक दार उघडून उंबऱ्यात झोपायला लागले आणि सकाळी कपाट मोकळं सापडल्याच्या बातम्या यायला लागल्या. गुंगीचा फवारा मारून चोरी करतात अशीही अफवा होती. खरं सांगायचं तर दिवसभर शेतात राबून रात्रभर उकाड्यात तळमळलेल्या माणसाला पहाटे वारं सुटल्यावर जी झोप लागते, तिला फवाऱ्याची गरज नसते.

कुणी म्हणेल, शनिशिंगणापूरला बघा, घरांना दारंच नाहीत. मी जाऊन आलोय. कुत्रं येऊ नये म्हणून आडवी फळी लावतात. २०११ मध्ये युको बँकेनं तिथं कुलपाशिवायची शाखा उघडली म्हणून पेपरात गाजलं. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही. मात्र त्या गावात चोवीस तास यात्रा आणि माणसांचा राबता असतो, हेही विसरू नये. आमच्या येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत हेच व्हायचं. लाखो लोक येतात, पालखी आमराईत जाते, भाविक चुनखडीचे खडे वेचून देवीच्या नावानं ढिगावर टाकतात. त्या दिवसांत आमच्या ओसरीवर अनोळखी माणसं पथारी टाकत. दिंडी सताड उघडी. माझ्या आठवणीत यात्रेत घरातली वस्तू कधी गेली नाही. कशी जाणार? एका खोलीत पंचवीस माणसं, त्यातली दहा जागी!

ती माणसं आता नाहीत आणि मी मुलाला नोकरी सोडून ढाळजेत झोपायला ये असं सांगू शकत नाही. मुलगा एसी बसवून द्यायला तयार आहे. एसी म्हणजे पुन्हा दार बंद, आणि वीज गेली की पुन्हा पेवच. करोनाच्या दोन वर्षांत खिडक्या उघड्या ठेवा, उघड्या ठेवा म्हणून सगळीकडे सांगत होते, ते मी तरी विसरलेलो नाही.

म्हणून गेल्या फाल्गुनात गावातल्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. मागच्या-पुढच्या दोन्ही दारांना बाहेरून लोखंडी जाळीचं दार, म्हणजे आतलं लाकडी दार रात्रभर उघडं ठेवता येईल आणि वारा आरपार जाईल. जिन्याच्या वरच्या टोकाला छताजवळ गज घालून एक मोठा झरोका, तापलेली हवा वर निघून जायला. आमची ही त्याला लगेच म्हणाली, "सानं केलंत की!" भूकंपाची आठवण ठेवून कुलूप आतून लावायचं नाही, नुसती जाड कडी, अंधारात हाताला सापडेल अशी. पण जाळीतून बाहेरचा हात किंवा तार त्या कडीपर्यंत पोहोचता कामा नये, म्हणून कडीभोवती तिन्ही बाजूंनी पत्र्याची पेटी करायला सांगितली. तो पोरगा माझाच जुना विद्यार्थी. मी त्याला १८६० च्या कायद्यातलं तारेचं उदाहरण ऐकवलं. त्यानं डोळ्यावरचा काळा चष्मा वर केला आणि विचारलं, "तवा बी तार होती का, गुरुजी?"